बाळाचा बाप्तिस्मा की उपकारस्तुती? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

नाताळ जवळ आला की पुण्यामुंबईचे आणि आखातातले नातेवाईक घरी येणार म्हणून चर्चमध्ये बाप्तिस्म्यांची रांग लागते. आमच्या टपालातही मग तेच विषय येतात. यंदाच्या पत्रांपैकी काही इथे घेतली आहेत. नावं छापलेली नाहीत, नागपूरकडच्या वस्त्या तेवढ्या ठेवल्या आहेत.

आमचं घर सी.एन.आय.चं (चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचं), सून फेलोशिपच्या (स्वतंत्र मंडळीच्या) घरातली. नातू चार महिन्यांचा झाला. मी म्हणते, नाताळात बाप्तिस्मा उरकून घ्या. सून म्हणते, आता फक्त उपकारस्तुती (बाळासाठी आभाराची प्रार्थना) करू, बाप्तिस्मा तो मोठा झाल्यावर स्वतः घेईल. व्याही तर म्हणून राहिले की तान्ह्या बाळाच्या डोक्यावर पाणी टाकणं म्हणजे बाप्तिस्माच नाही. पाळकसाहेबांपुढे हे घेऊन जायची लाज वाटते. (मेकोसाबाग)

बिनधास्त जा. तुमच्या घरातला हा वाद तुमच्या मंडळीच्या जन्माइतकाच जुना आहे, आणि ती मंडळी जन्मली नागपुरातच. २९ नोव्हेंबर १९७० रोजी सदरमधल्या ऑल सेंट्स कॅथीड्रलच्या आवारात सहा मंडळ्या एकत्र आल्या आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. त्यांत अँग्लिकन, मेथडिस्ट आणि युनायटेड चर्चवाले तान्ह्या बाळांना बाप्तिस्मा देणारे होते. बॅप्टिस्ट, ब्रदरन आणि डिसायपल्स यांचा आग्रह होता की ज्याला विश्वास कळतो त्यानंच बाप्तिस्मा घ्यावा. दोघांपैकी कुणालाच आपली रीत सोडायला सांगितली गेली नाही. दोन्ही वाटा मंडळीनं मान्य ठेवल्या.

पहिल्या वाटेत बाळपणी बाप्तिस्मा, मग संडे स्कूल आणि वर्ग, आणि समज आल्यावर बिशपांच्या हातून दृढीकरण, म्हणजे तो विश्वास स्वतः कबूल करून पक्का करण्याचा विधी. दुसरीत बाळपणी उपकारस्तुती व समर्पण, तेच संडे स्कूल, तेच वर्ग, आणि मग स्वतःच्या तोंडानं विश्वास कबूल करून बाप्तिस्मा. म्हणजे सूनबाई मंडळीबाहेरचं काही मागत नाहीत. व्याह्यांचं म्हणणं मात्र तुमच्या मंडळीला मान्य नाही. बाळपणीचा बाप्तिस्मा हा पुरता बाप्तिस्मा आहे, अर्धा नाही.

निर्णय आईबापांचा आहे, कारण वेदीसमोर उभं राहून प्रश्नांना ‘होय’ त्यांनाच म्हणायचं असतं. एकाच्या मनात नसताना उपासनेत दोघांनी वचन देणं बरं नव्हे. त्यापेक्षा एक नाताळ गेला तरी चालेल. आणि आजी, ‘उरकून घ्या’ हा शब्द तेवढा मागे घ्या. निम्मं भांडण त्या शब्दाचंच असणार.

कॅथलिक घरात हा पर्याय नसतो. तिथे जन्मानंतर पहिल्या काही आठवड्यांत स्नानसंस्कार, म्हणजे बाप्तिस्मा, व्हावा, असा कायदाच आहे.

उपकारस्तुतीत नेमकं काय करतात? घरी केली तर चालते का? थोडं पाणी लावून घेतलं तर आजीचंही समाधान होईल. (जरीपटका)

घरी चालते, चर्चमध्ये रविवारच्या उपासनेतही चालते. बाळंतीण बाहेर पडती झाली की सव्वा महिन्याच्या सुमारास करायची आपल्याकडे रीत आहे. तिचा धागा बायबलमध्येही सापडतो. मुलगा झाल्यावर चाळीस दिवसांनी मंदिरात जायचा नेम लेवीयाच्या बाराव्या अध्यायात आहे, आणि मरीयेनं येशूला मंदिरात नेलं ते त्याच नेमानं. गरिबाला परवडतील अशी दोन पाखरं तिनं अर्पण केली. दानाच्या पाकिटात किती घालायचे, असं विचारणाऱ्यांनी ती दोन पाखरं आठवावीत.

विधी दहा-पंधरा मिनिटांचा असतो. एक गीत, मग हन्नानं शमुवेलाला देवाला वाहिलं ती गोष्ट किंवा शिमोनानं बाळाला हातात घेतलं तो लूकचा उतारा. मग आईबाप बाळाला पुढे आणतात, सुखरूप बाळंतपणासाठी आभार मानले जातात, बाळाला विश्वासात वाढवू असं आईबाप कबूल करतात, पाळक बाळाला हातावर घेऊन किंवा डोक्यावर हात ठेवून नावानिशी आशीर्वाद देतात. बाळ दत्तक असलं तरी हाच विधी, फक्त बाळंतपणाचं वाक्य बदलायचं. पाळकांना आधी सांगून ठेवा, ऐनवेळी छापील प्रार्थना वाचली गेली की आईचा चेहरा उतरतो.

पाणी मात्र लावू नका. आजीच्या समाधानासाठी बोट ओलं करून कपाळावर क्रूस काढला, फोटो निघाले, आणि पंचवीस वर्षांनी लग्नाच्या वेळी घर म्हणतं ‘बाप्तिस्मा झालाय, फोटो आहे’, तर चर्चची वही म्हणते ‘नोंद नाही’. पाणी पडलं का, कोणते शब्द म्हटले, हे सांगणारं तेव्हा कुणी उरलेलं नसतं. उपकारस्तुतीचं प्रमाणपत्र मिळत असेल तर त्यावर ‘समर्पण’ किंवा ‘उपकारस्तुती’ असंच लिहिलंय ना, हे तिथेच वाचून घ्या.

बाळाच्या बाप्तिस्म्याच्या दिवशी काय तयारी करावी? बाळ साडेतीन महिन्यांचं आहे, अनोळखी हातात गेलं की आकांत करतं. (मोहननगर)

रडू द्या. बाप्तिस्म्यात रडणारं बाळ ही चर्चला नवी गोष्ट नाही. सांभाळायच्या गोष्टी वेगळ्याच आहेत.

पाणी. दरवेळी एका तळहातात मावेल एवढं धरलं तरी तीन वेळा ओतायला पाव लिटर पुष्कळ झालं, म्हणून कुंडात एक लिटर कोमट पाणी भागतं. मनगटाच्या आतल्या बाजूवर थेंब टाकून ना गार ना गरम लागलं पाहिजे. डिसेंबरात सकाळी आठच्या उपासनेला दगडी कुंडातलं पाणी बर्फासारखं असतं, म्हणून थर्मासमधून गरम पाणी न्या आणि विधीच्या दोन मिनिटं आधी मिसळा. आधी मिसळलेलं प्रवचन संपेपर्यंत पुन्हा गार होतं. मे महिन्यात उलट फजिती. गच्चीवरच्या टाकीतून आलेलं नागपूरचं पाणी मोठ्या माणसालाही अंगावर घेववत नाही, तेव्हा ते माठातल्या पाण्यानं निववावं लागतं.

धरायचं कसं, हे घरी एकदा करून पाहा. बाळ उताणं, मानेखाली तळहात, डोकं अंगापेक्षा किंचित खाली आणि कुंडाच्या वर. पाणी कपाळाच्या वरच्या कडेवर पडून मागे ओघळतं. बाळ उभं किंवा बसतं धरलं की तेच पाणी डोळ्यांत आणि नाकात जातं, आणि मग खरा आकांत होतो. टोपीची नाडी आधीच सोडून ठेवा. ती ओली गाठ पाळकांपुढे सोडत बसलेली आई आम्ही प्रत्येक हंगामात पाहतो.

दूध अर्धा-पाऊण तास आधी पाजा. अगदी आयत्या वेळी पाजून आडवं केलं तर गुळणी पाळकांच्या झग्यावर येणार.

कपडे पुढून उघडणारे हवेत. कॅथलिक विधीत पाण्याआधी छातीवर तेल लावतात आणि पाण्यानंतर माथ्यावर क्रिझ्मा, म्हणजे बिशपांनी आशीर्वादित केलेलं सुगंधी तेल. मागून बटणं असलेला, साटीनचा, जाळीचा घेरदार फ्रॉक दिसतो छान, पण छाती उघडायला तो सगळा वर गुंडाळावा लागतो. आणि जाळी पेटते. पाण्यानंतर पास्खाच्या (ईस्टरच्या) मोठ्या मेणबत्तीवरून बाळाची मेणबत्ती पेटवून देतात. ती वडिलांनी किंवा गॉडफादरनं (धर्मपित्यानं) धरायची, बाळ ज्या हातात आहे त्याच्या उलट बाजूला, हात लांब करून. ‘जरा बाळाजवळ घ्या’ असं फोटोग्राफर म्हणेल, तर ऐकू नका.

विधी साधारण असा जातो: दारात किंवा पुढे बाळाचं नाव विचारतात, कपाळावर क्रूसाची खूण, शास्त्रपाठ, सैतानाचा धिक्कार, प्रेषितांचा मतांगीकार (विश्वासाची ठरलेली कबुली), पाण्यावर प्रार्थना, मग बाप्तिस्मा. सी.एन.आय.मध्ये तेल बहुधा नसतं, पण तिथे सगळी मंडळी उभी राहून या बाळाला आपलं म्हणते, तो भाग चुकवू नका. पाहुणे नेमके त्याच वेळी जेवणाच्या तयारीला बाहेर गेलेले असतात. ऑर्थोडॉक्स घरांत बाप्तिस्म्याला लागूनच अभिषेक होतो आणि त्याच दिवशी तान्ह्या बाळाच्या ओठांना प्रभुभोजनही लावतात.

ऑर्थोडॉक्स विधीत वाक्याची घडण वेगळी असते, बाकी सगळीकडे शब्द तेच: पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावानं मी तुला बाप्तिस्मा देतो. इथे आडनाव नाही, फक्त बाळाचं नाव, आणि ते आदल्या दिवशीच ठरलेलं हवं. ‘मी’च्या जागी ‘आम्ही’ म्हटलं तर तो बाप्तिस्मा ग्राह्य नाही, असं व्हॅटिकननं ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केलं. पुढे अमेरिकेत एका धर्मगुरूंनी वर्षानुवर्षं ‘आम्ही’ म्हटल्याचं उघड झालं आणि हजारो लोकांना पुन्हा रांगेत उभं राहावं लागलं. एका सर्वनामाची किंमत!

माझी जिवाभावाची मैत्रीण बौद्ध आहे. तिला मुलीची गॉडमदर करता येईल का? (इंदोरा)

नाही. जिचा स्वतःचा बाप्तिस्मा झालेला नाही ती या विश्वासाबद्दल दुसऱ्याच्या वतीनं उत्तर देऊ शकत नाही. कॅथलिक नियम आणखी नेमका आहे: वय साधारण १६ पूर्ण, दृढीकरण झालेलं, आईबापांपैकी कुणी नसलेलं. एक पुरे, दोन असतील तर एक पुरुष व एक स्त्री. दुसऱ्या ख्रिस्ती मंडळीतली व्यक्ती कॅथलिक गॉडपेरेंटबरोबर साक्षीदार म्हणून उभी राहू शकते. मैत्रिणीला पहिल्या बाकावर बसवा आणि टॉवेल तिच्या हातात द्या. ओल्या बाळाला पहिल्यांदा गुंडाळायचं काम काही कमी नाही.

आमच्या फेलोशिपला हॉलमध्ये बुडवून बाप्तिस्म्यासाठी टाकी बांधायची आहे. किती मोठी? हॉल पहिल्या मजल्यावर आहे. डिसेंबरात १४ जणांचा बाप्तिस्मा आहे. (मनीषनगर)

आधी मजल्याचं पाहू. आठ फूट लांब, पाच फूट रुंद आणि पाणी साडेतीन फूट, एवढी टाकी सोयीची पडते. तिच्यात सुमारे ४,००० लिटर पाणी मावतं, म्हणजे नुसतं पाणीच चार टन. स्लॅबवर दर चौरस मीटरला हजार किलोहून जास्त भार येतो. राहत्या घराचा स्लॅब साधारण २०० किलोच्या हिशेबानं आणि सभागृहाचा ४०० ते ५०० च्या हिशेबानं धरलेला असतो. स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या लेखी होकाराशिवाय वर टाकी नको, तात्पुरती प्लास्टिकची किंवा ताडपत्रीचीही नको. खाली अंगणात बांधा.

आठ फूट लांबी का, तर मागे झोपवलेला सहा फुटी माणूस आणि बाजूला उभा पाळक दोघंही मावले पाहिजेत. पाणी कमरेच्या वर, छातीच्या खाली. कमी असेल तर माणसाला वाकवताना पाळकांची कंबर जाते, जास्त असेल तर बुटकी माणसं तरंगू लागतात. पायऱ्या दोन बाजूंना ठेवा, एकीकडून उतरायचं आणि दुसरीकडून चढायचं. कठडा हवाच, आणि तळाला खरबरीत फरशी. गुळगुळीत टाइल लावून वर रबरी मॅट टाकली की मॅटच सरकते.

पाणी आदल्या दुपारी भरा. रात्री २५ ग्रॅम ब्लीचिंग पावडर बादलीत कालवून, निवळ्यावर वरचं पाणी तेवढं टाकीत ओता, गाळ फेकून द्या. हीटरच्या रॉडनं पाणी तापवायचा बेत असेल तर हिशेब करा: ४,००० लिटर पाणी १५ अंशांनी तापवायला सुमारे ७० युनिट वीज लागते. दोन किलोवॅटचा एक रॉड पस्तीस तास चालवावा लागेल. त्यापेक्षा विधी सकाळी सातला न ठेवता दुपारी बाराला ठेवा आणि टाकी उन्हात बांधा. तरीही रॉड वापरलाच तर पहिला माणूस पाण्यात उतरण्याआधी तो काढून, प्लग उपटून, वायर खोलीत नेऊन ठेवा. नुसतं बटण बंद करून भागत नाही.

माइकचंही तेच. २००५ मध्ये टेक्सासमध्ये बाप्तिस्म्याच्या पाण्यात उभ्या पाळकानं माइक ठीक करायला हात लावला आणि विजेच्या धक्क्यानं त्यांचा मृत्यू झाला. पाण्यात असलेल्या कुणाच्याही हाती वायरचा माइक नको. बाहेर उभ्या माणसानं बॅटरीवरचा माइक लांबून धरावा, आणि त्या लाइनवर ३० मिलिअँपियरचा ई.एल.सी.बी. (वीज गळताच प्रवाह तोडणारा स्विच) बसवून घ्या.

आता बुडवणं. घेणाऱ्यानं एका हातानं रुमालासकट नाक धरायचं, दुसऱ्या हातानं त्या हाताचं मनगट पकडायचं. पाळक बाजूला उभे, एक हात त्या मनगटावर, दुसरा मानेखाली. सगळे शब्द आधी म्हणून घ्यायचे, मग बुडवायचं. शब्द म्हणता म्हणता बुडवलं की माणूस पाण्यात श्वास सोडतो आणि ठसका लागतो. गुडघे वाकवून मागे बसल्यासारखं जायचं. ताठ राहिलं तर पाय वर येतात आणि डोकं वरच राहतं. आदल्या दिवशी कोरड्यात तालीम घ्या, १४ जणांना वीस मिनिटं पुरतात.

पांढरं सुती ओलं झालं की अंगाला चिकटतं आणि आरपार दिसतं. आत गडद रंगाचे कपडे आणि वर जाड झगा घाला. झग्याच्या काठात वजन शिवा, पडद्याला लावतात तसं, नाहीतर पाण्यात शिरताच तो फुगून वर येतो. साडी नको. कॉन्टॅक्ट लेन्स आणि श्रवणयंत्र काढून ठेवा. फिट्स येणारे, दमेकरी आणि गरोदर बायका यांच्याबद्दल पाळकांना आधी कळलं पाहिजे. त्यांना पाण्यात लगेच धरायला एक जास्तीचा माणूस उभा ठेवायचा.

वय २४. ख्रिस्ती होण्याचा निर्णय घेतला आहे. दोन आठवड्यांत बाप्तिस्मा मिळेल का? कोणते कागद लागतात? (वाडी)

दोन आठवड्यांत देणारे भेटतीलही, पण आम्ही त्यांच्याकडे जा म्हणणार नाही. कॅथलिक चर्चमध्ये सात वर्षांवरच्या कुणालाही प्रौढांच्या वाटेनंच जावं लागतं: चौकशीचा काळ, दीक्षार्थी म्हणून स्वीकार, शिकवण, लेंतच्या (पास्खाआधीच्या उपवासकाळाच्या) पहिल्या रविवारी निवड, तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या रविवारी खास प्रार्थना आणि पास्खाच्या जागरणात रात्री बाप्तिस्मा, दृढीकरण व प्रभुभोजन एकाच वेळी. याला महिने लागतात. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत पाळकांचे वर्ग काही आठवड्यांचे ते काही महिन्यांचे. मतांगीकार, प्रभूची प्रार्थना आणि दहा आज्ञा पाठ होणं हा त्यातला सोपा भाग. वर्गात प्रश्न विचारा. जिथे प्रश्न विचारलेले चालत नाहीत, तिथे थांबू नका.

वयाचा पुरावा आणि स्वतःच्या हस्ताक्षरातला अर्ज ठेवा. बाप्तिस्म्यासाठी नाव बदलणं सक्तीचं नाही. बदललंत तर सरकारी कागदांवर ते आपोआप बदलत नाही, त्यासाठी राजपत्रात नोंद करावी लागते.

आणखी एक गोष्ट पाळकांनी आधीच सांगायला हवी, पुष्कळदा सांगत नाहीत. तुमचा दाखला अनुसूचित जातीचा असेल तर १९५० च्या आदेशानुसार तो दर्जा फक्त हिंदू, शीख आणि १९९० पासून बौद्ध व्यक्तींनाच मिळतो. ख्रिस्ती झाल्यावर त्या सवलती घेता येत नाहीत. अनुसूचित जमातीच्या दर्जाला धर्माची अट नाही. बाप्तिस्मा घेऊन कागदावर जुनाच धर्म ठेवायचा सल्ला कुणी दिला तर तो ऐकू नका. सगळं समजून, कुणाच्या दबावाशिवाय आणि कुणाच्या आमिषाशिवाय निर्णय घ्या.

बाळ सातव्या महिन्यात झालं, एन.आय.सी.यू.मध्ये (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) आहे. पाळक पोहोचले नाहीत तर? (धंतोली)

जिवाला धोका असेल तर तिथे असलेलं कुणीही बाप्तिस्मा देऊ शकतं, आईसुद्धा, नर्ससुद्धा. नर्सकडून निर्जंतुक पाणी मागा, सलाइन नको. दोन मिलीची सिरिंज मुठीत धरून अंगाच्या उबेइतकी कोमट करा. इतक्या लहान जिवाला गार थेंबानंही थंडी भरते. इन्क्युबेटरच्या खिडकीतून, नळ्या-पट्ट्या टाळून, कपाळाच्या कातडीवर तीनदा थेंब असे सोडा की ते ओघळतील, आणि सोडताना वर दिलेले बाप्तिस्म्याचे शब्द म्हणा. एवढंच पुरे. तारीख, वेळ, नाव आणि जवळ असलेल्या एकाची सही कागदावर घ्या.

बाळ घरी आलं की चर्चला कळवा. बाप्तिस्मा पुन्हा होत नाही, राहिलेला विधी आणि नोंद तेवढी होते.

बाळ आधीच गेलं असेल तर बाप्तिस्मा देत नाहीत. पण त्याला नाव देता येतं, प्रार्थना होते आणि अंत्यविधीही होतो. तसं पाळकांकडे हक्कानं मागा.

बाळपणी बाप्तिस्मा झाला. आता दुसरी मंडळी पुन्हा बुडवून घ्या म्हणते. (गिट्टीखदान)

कॅथलिक, ऑर्थोडॉक्स, सी.एन.आय., मेथडिस्ट यांच्यापैकी कुणीही एकदा झालेला बाप्तिस्मा पुन्हा देत नाही. जागतिक चर्च परिषदेच्या आयोगाच्या १९८२ च्या लिमा दस्तऐवजातही तेच म्हटलं आहे. खरंच झाला होता का, याबद्दल रास्त शंका असेल तर ‘तुझा बाप्तिस्मा झालेला नसेल तर’ असे शब्द आधी लावून सशर्त बाप्तिस्मा देतात. स्वतःच्या तोंडानं विश्वास सांगायची ओढ असेल तर त्यासाठी दृढीकरण आहे. पास्खाच्या वेळी वचनांची नवी कबुलीही देता येते.

दाखल्यावर ‘अ‍ॅलिस’, मनपाच्या जन्मदाखल्यावर ‘आलिशा’. बाप्तिस्म्याचा मूळ कागद हरवलाय. लग्न फेब्रुवारीत. (सदर)

हरवलेला कागद शोधत बसू नका. मूळ नोंद चर्चच्या वहीत असते, आणि बाप्तिस्मा ज्या चर्चमध्ये झाला तिथूनच नवा उतारा मिळतो. कॅथलिक लग्नाला तसाही सहा महिन्यांच्या आतला उतारा मागतात, कारण दृढीकरण, लग्न वगैरे पुढच्या नोंदी त्याच ओळीसमोर समासात होतात. जुन्या कागदावर त्या नसतात. जाताना जन्मतारीख, आईबापांची नावं आणि बाप्तिस्म्याचं अंदाजे वर्ष घेऊन जा. नुसत्या नावावर वही चाळायची म्हणजे कारकुनाचा अख्खा दिवस जातो.

नावाबद्दल: बाप्तिस्म्याचा दाखला हा जन्मदाखला नव्हे. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना तर शाळा, परवाना, पासपोर्ट सगळीकडे जन्मदाखलाच द्यावा लागतो. वहीतलं नाव खोडून नवं लिहायला सांगू नका, कोणताही शहाणा पाळक ते करणार नाही. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र आणि जन्मदाखल्याची प्रत अर्जाला जोडा, समासात तशी टीप घालून मागा, आणि ती टीप उताऱ्यावर उतरली आहे का हे कार्यालयातून बाहेर पडण्याआधी वाचा. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात जाऊ नका, तेव्हा कार्यालयं नाताळाचे हिशेब मिटवत असतात.